जिकडं माझं तोंड, तिकडं बारा

मी एक लेन्स बोलते आहे. लांब पल्ल्याची. लांब पल्ल्याची एसटी जशी जवळच्या फाट्यावर थांबत नाही, तसंच माझं आहे. दहा हातांच्या आत उभं असलेलं माणूस मला नीट दिसत नाही, नुसता रंगांचा धुरळा दिसतो. पण तळ्याच्या पलीकडच्या काठाला, बाभळीच्या वाळल्या फांदीवर खंड्या बसला असेल, तर त्याच्या चोचीतल्या मासोळीचा डोळासुद्धा मी दाखवीन. घडवणाऱ्यांनी मला घडवलंच तसं.

माझा जन्म जपानातला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात एकामागून एक काचा बसवल्या, शेवटी तोंडावर झाकण लावलं आणि मला खोक्यात घातलं. झाकण निघालं ते थेट पुण्यात. माझा पहिला मालक खेळांचे फोटो काढायचा. मैदानावर धावणारी, उड्या मारणारी आणि आपटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. माणूस पडला की आधी इकडंतिकडं बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. दुखतं त्याला त्यानंतर. हे मला तिथं कळलं.

पुढं त्या मालकाला माझ्यापेक्षा नवी, हलकी लेन्स मिळाली आणि मी राजेंद्रच्या हाती आले.

राजेंद्र छत्रपती संभाजीनगरचा. घर पडेगावला. वीज मंडळात लाइनमन म्हणून लागला आणि पुढं कचेरीत बसायला लागला. पण खांबावर चढायच्या दिवसांतच त्याला पक्ष्यांचा नाद लागला होता. ज्या तारांवर त्याचं काम, त्याच तारांवर नीलपंख येऊन बसायचा. लांबून मातकट दिसणारा तो पक्षी उडाला की पंखांतून निळाई सांडायची. खाली उभ्या असलेल्या साथीदाराला राजेंद्र वरून ओरडून सांगायचा, तर साथीदार म्हणायचा, "राजाभाऊ, तार बघा, पाखरं नका बघू." तो निळा रंग घरच्यांना दाखवता यावा, एवढ्यासाठी त्याला मी हवी होते.

त्यानं मला घरी आणलं तेव्हा त्याची आई, मनकर्णाबाई, ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. पिशवीतून माझं पांढरं धूड बाहेर निघालं तशा त्या सरकून बसल्या.

"काय रं ह्ये? तोफ आणली का काय?"

"लेन्स आहे, माय. फोटो काढायची."

"दौलताबादच्या किल्ल्यावर एक हाय की तोफ. आपल्याला कशाला आनखी?"

राजेंद्रची बायको निशा दारात उभी राहून हसत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिनं मला दोन्ही हातांत धरून पाहिलं, बाळाचं वजन बघावं तसं.

"यातून काय दिसतं?"

"पक्षी."

"ते तर असेही दिसतात."

ती खोटं बोलत नव्हती. तिची नजर तशीच होती. फळ्याकडं तोंड असतानाही शेवटच्या बाकावर कोण चिठ्ठी सरकवतंय हे तिला कळायचं. पुढच्या रविवारी राजेंद्र मला घेऊन हर्सूलच्या तलावावर गेला, तेव्हा तीही सहज म्हणून बरोबर आली. मी पाण्यावर इकडून तिकडं फिरत होते आणि मला पाणीच पाणी दिसत होतं. निशा मात्र नुसत्या डोळ्यांनी सांगत होती, "तो बघा दगडावर. तो बघा, गवतात हलतोय. अहो, तुमच्या नाकासमोर आहे!"

त्या दिवसापासून त्यांची जोडी जमली. बघायचं तिनं, टिपायचं त्यानं.

पण सांगायचं कसं, हा प्रश्न होता. बोट दाखवावं तर पक्षी उडतो. मोठ्यानं सांगावं तरी उडतो. मग पुस्तकात वाचून राजेंद्रनं घड्याळाची पद्धत काढली. समोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. निशानं हळू आवाजात नुसता आकडा सांगायचा.

सुखना धरणाच्या काठाला त्यांनी ही पद्धत पहिल्यांदा वापरली.

"अहो, दोन वाजता. बाभळीवर. कापशी घार."

राजेंद्रनं मला उजवीकडं वळवलं. "कुठं आहे? काहीच नाही."

"दोन म्हणतेय मी. तुम्ही चार वाजवले."

"तुझे दोन का माझे दोन?"

"दोन म्हणजे दोन! नवऱ्याचं घड्याळ वेगळं आणि बायकोचं वेगळं असतं का कुठं?"

"तू तिकडं तोंड करून उभी आहेस, मी इकडं. तुझं बारा माझ्या दहाला येतं."

तेवढ्यात कापशी उडून गेली. मागं जीपच्या बॉनेटवर बसून त्यांचा मित्र विश्वजीत चहा पीत होता. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हा दोघांच्या भांडणात पक्ष्याचे बारा वाजले बघा."

विश्वजीत हा राजेंद्रचा शाळेपासूनचा दोस्त. गंगापूरकडं त्याची शेती, शहरात बियाण्यांचं दुकान आणि दारात एक जुनी जीप. त्याच्याकडंही कॅमेरा होता, पण त्याला पक्ष्यांपेक्षा निशाच्या डब्यातल्या धपाट्यांची ओढ जास्त, असं राजेंद्र म्हणायचा.

निशा थोडा वेळ रुसली. मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "आता ठरलं. हिचं तोंड जिकडं असेल, तिकडं बारा. तुमचं नाही आणि माझंही नाही."

"आणि तू?"

"मी तुमच्या मागं उभी राहीन. म्हणजे मलाही तेच दिसेल."

तेव्हापासून निशाची जागा ठरून गेली. राजेंद्र मला ज्वारी भरलेल्या उशीवर टेकवून वाकायचा आणि निशा त्याच्या उजव्या खांद्यामागं उभी असायची. त्या दोघांच्या जगाचं बारा मी झाले. एका वस्तूच्या वाट्याला याहून मोठा मान येत नसावा.

एकदा मनकर्णाबाईही बरोबर आल्या होत्या. काठावर सतरंजी टाकून त्या बसल्या होत्या. निशा कुजबुजली, "साडेदहा, साडेदहा." मनकर्णाबाई लगबगीनं उठल्या, सतरंजी झटकली, डबा पिशवीत भरला आणि जीपकडं चालायला लागल्या.

"आत्या, कुठं निघालात?" निशा सासूला आत्या म्हणायची.

"साडेधा झाले म्हनली नव्हं तू? मला वाटलं, निघायचं."

सतरंजीच्या फटकाऱ्यानं चक्रवाकांचा सगळा थवा उठला होता. राजेंद्रनं कपाळावर हात मारला आणि मग तो इतका हसला, की मी उशीवर थरथरत राहिले. त्या दिवशीचे सगळे फोटो हललेले आहेत.

असे आमचे रविवार जायचे. उन्हाळ्यात हर्सूल, पावसाळ्यानंतर सुखना आणि थंडी पडली की नाथसागराचा फुगवटा. कायगावच्या बाजूनं धरणाचं पाणी शेतांत शिरलेलं असतं. तिथं पोचेपर्यंत सूर्य वर यायचा आणि पाण्यावरचं धुकं फाटायचं. मग दिसायचे शेकाटे, त्यांच्या लाल काड्यांसारख्या पायांवर तोल सावरत. चित्रबलाक दिसायचे, लग्नात एका बाजूला उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसांसारखे. कधी पट्टकादंब हंसांचा थवा उतरायचा आणि सगळ्यांचं बोलणं बंद व्हायचं. त्या शांततेत मला राजेंद्रचा श्वास ऐकू यायचा. फोटो काढण्याआधी तो श्वास धरायचा. निशाही मागं श्वास धरून उभी असायची. दोघांचे श्वास एकदमच सुटायचे.

निशानं माझ्यातून कधी पाहिलं नाही. तिनं मागितलं नाही आणि त्यानं दिलं नाही. त्यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही, कारण तिनं नजर हलवली तर पक्षी हरवणार. घरी गेल्यावर ती फोटो बघायची, तेवढंच. पण परतीच्या वाटेवर एकदा ती म्हणाली होती, "तुमची मजा आहे बुवा. तुम्हाला आत सगळं तळं जवळ आणून ठेवल्यासारखं दिसत असेल. आम्ही आपले बाहेरचे."

राजेंद्र नुसता हसला. त्याला झोप आली होती.

आता पुढचं सांगते. ते मला बेताबेतानंच सांगता येईल.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. त्या रविवारी कांड्या करकोचे आले होते. पुष्कळ वर्षांनी आले, असं विश्वजीत म्हणत होता. राजेंद्र त्यांच्यासाठी काठाच्या चिखलात गुडघे आणि कोपरं टेकून पालथा पडला. राखाडी स्वेटर छातीपर्यंत भिजला. निशा ओरडली, "उठा, सर्दी होईल." तो उठला नाही. त्या फोटोंएवढे चांगले फोटो मी आधी कधी दिले नव्हते.

घरी आल्यावर स्वेटर दोरीवर टाकला. तो धड वाळायच्या आतच, त्याच आठवड्यात, राजेंद्र कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस. डबा तसाच भरलेला परत आला.

माझं घरातलं खोकं तेव्हा उघडं होतं. मी माणसांचे पाय पाहत होते. चपलांचा ढीग दारात वाढत होता.

पुण्यानुमोदनाला लावायला त्याचा फोटो शोधायला लागले, तर सापडेना. हजारो पाखरं होती, पण कॅमेऱ्यामागच्या माणसाचा एकही धड फोटो नव्हता. शेवटी कचेरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तो कुणाला तरी घाबरल्यासारखा दिसत होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तो मांडला, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली.

माणसं पांगल्यावर विश्वजीत मागं राहिला. तो त्या दिवसांत अर्धा झाला होता. काय बोलावं हे न सुचलेला माणूस जे मनात येतं ते बोलतो. माझ्या खोक्याकडं बघून तो म्हणाला, "वहिनी, एक सांगू का? ती लेन्स नुसती ठेवून देऊ नका. पडून राहिली तर तिला बुरशी धरते. तुम्हाला जमणार नसेल, तर माझ्याकडं द्या. मी वापरत राहीन."

निशा त्याच्याकडं बघत राहिली. "आज बोलायचं होतं हे, भाऊजी? फोटोपुढची मेणबत्तीसुद्धा अजून विझली नाही."

"तसं नाही वहिनी, मी..."

"कळलं मला. त्यांच्या वस्तूंचं मी बघीन."

तो खाली मान घालून गेला. त्याच्या मनात लोभ नव्हता, हे मी सांगू शकले असते. पण मला तोंड असलं तरी ते बोलायचं नाही.

संध्याकाळी निशानं दोरीवरचा, दवानं अजून दमटच असलेला स्वेटर काढला. धुतला नाही. तोंडाला लावून ती बराच वेळ उभी राहिली. मग मला त्या स्वेटरमध्ये गुंडाळलं, वर प्लास्टिकची पिशवी घातली, वास जाऊ नये म्हणून तिची दोन वेळा गाठ मारली, डांबरगोळ्या टाकल्या आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात मला ठेवून कुलूप लावलं. हे सगळं तिनं इतक्या मायेनं केलं, की त्यात माझं काय होणार आहे हे तिला कळायला मार्गच नव्हता. माझं तोंड खाली होतं. माझं बारा आता खणाच्या पत्र्याकडं होतं.

काचेला उजेड लागतो, वारा लागतो. ओल्या लोकरीत बांधून ठेवलं तर तिच्या पोटात बुरशी रुजते. आधी कडेला एक पांढरा ठिपका आला. मग त्याला बारीक मुळं फुटली. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती एका काचेवरून दुसरीवर गेली. दुखत नव्हतं. नुसतं कमी कमी दिसणार होतं, आणि दिसण्यासारखं तिथं काही नव्हतंच.

बाहेरचे आवाज यायचे. निशा शाळेत जायची, यायची. दोघी बायका जेवायच्या. भांड्यांचा आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला होता. रविवारी तर घर फारच गप्प असायचं. कधी कधी जीपचा आवाज कोपऱ्यावर येऊन हळू व्हायचा आणि पुढं निघून जायचा. दोन पावसाळे मी असे ऐकले.

मग पुन्हा थंडी पडली. एका सकाळी मनकर्णाबाई कपाटासमोर येऊन बसल्या.

"निशा, राजाचा स्वेटर दे मला."

"कुठला?"

"राखाडी. मला थंडी वाजती."

"तुमची शाल आहे ना आत्या. दुसरी काढून देऊ का?"

"शाल खांद्यावरून घसरती. स्वेटर दे."

"तो नको. तो मी ठेवलाय."

"ठेवलाय कुनासाठी?"

कपाटाच्या दाराला निशाची पाठ टेकल्याचा आवाज आला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुझा नवरा व्हता, मान्य. पन माझ्या पोटचा व्हता तो. मला त्याचं काय दिलं तू? समदं कुलपात."

त्या रागावलेल्या नव्हत्या. थंडी वाजतेय म्हणावं, तशाच आवाजात त्यांनी हेही सांगितलं.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. पिशवीची गाठ सुटेना, म्हणून निशानं दातांनी सोडवली. स्वेटर उलगडून तिनं तोंडाला लावला आणि झटकन दूर केला. पुन्हा लावला. पुन्हा दूर केला.

"काय झालं गं?"

"त्यांचा वास नाही, आत्या." तिनं स्वेटर सासूपुढं धरला. "कुबट वास येतोय नुसता."

मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. तिनं झाकण काढून मला खिडकीपाशी उजेडात धरलं. मला प्रकाश दिसला, पण गढूळ. आणि तिला माझ्या आतलं जाळं दिसलं. ती मला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. विश्वजीत काय म्हणाला होता, ते तिला त्या क्षणी आठवलं असणार, कारण ती एवढंच म्हणाली, "ते बरोबर सांगत होते."

स्वेटर त्या दिवशी धुतला गेला. मनकर्णाबाईंनी स्वतः धुतला आणि गच्चीवर उन्हात पसरून ठेवला.

मला घेऊन निशा शहागंजला गेली. तिथं घड्याळांच्या आणि चष्म्यांच्या दुकानांमागं एका जिन्याखाली राशिदभाईंचं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांनी माझ्या पोटात बारीक बॅटरी मारली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"क्या करके रखे भाभी इसको? अपने गाँव की हवा तो इत्ती सूखी है, पापड बिना धूप के सूखते. तुम तो अंदरच बरसात करके रखे."

"स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवली होती."

"सर्दी हुई थी क्या लेन्स को?" राशिदभाई हसले. मग निशाच्या चेहऱ्याकडं पाहून त्यांनी बॅटरी बंद केली. "किसकी है?"

"मिस्टरांची होती."

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "देखता मैं. अल्लाह की मर्जी से जाला निकल जाएगा. पर बीच का एक काच खा गई बुरशी. वो दाग नहीं जाने का. झूठ नहीं बोलता."

"म्हणजे ही परत दिसायला लागेल की नाही?"

"दिखेगा, भाभी. पर सूरज के सामने मुँह मत करो इसका, धुंधला आएगा. सूरज पीठ पे रखना, फिर फिकर नहीं."

त्या दुकानात मला पूर्ण खोललं. काच आणि काच वेगळी झाली. मला भीती वाटत होती ती खोलण्याची नव्हती. मी बरी होईन आणि ती मला पुन्हा स्वच्छ करून कपाटातच ठेवील, याची होती.

तिनं मला घरी आणलं आणि टेबलावर, उघड्यावर ठेवलं. दोन दिवस ती माझ्या आजूबाजूनं वावरत राहिली. पाणी प्यायला येई, माझ्याकडं बघे, जाई. तिसऱ्या दिवशी तिनं फोन उचलला.

"भाऊजी, मी निशा. जय भीम." तिनं माझं झाकण उगाच चाचपलं. "रविवारी जीप मोकळी आहे का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. निशा म्हणाली, "हो, हो. धपाटे करीन. पण आत्याही येणार म्हणतायत." आणि ती कितीतरी दिवसांनी हसली.

रविवारी आम्ही कायगावच्या बाजूला फुगवट्यावर गेलो. मनकर्णाबाईंनी राखाडी स्वेटर घातला होता. बाह्या हातांवरून खाली लोंबत होत्या. विश्वजीतनं तो पाहिला आणि जीपचा आरसा उगाच नीट करत राहिला.

पाणी तिथंच होतं. बाभळीही तिथंच. निशानं उशी ठेवली, मला कॅमेऱ्याला जोडून उशीवर ठेवलं, सूर्य पाठीशी घेतला आणि आपल्या नेहमीच्या जागी, मागं, उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. मग तिला कळलं की पुढं कुणीच नाही. ती तशीच उभी राहिली. विश्वजीत तिच्याकडं बघेना.

अखेर मनकर्णाबाईच म्हणाल्या, "आगं मागं काय हुबी? पुढं हो. तोफ काय आपली आपन उडती व्हय?"

निशा पुढं आली, वाकली आणि तिनं पहिल्यांदा कॅमेऱ्याला डोळा लावला.

"त्ये बघ, त्ये!" मनकर्णाबाईंनी बाही हलवत हात लांब केला. "लाल चोचीचं!"

"किती वाजता, आत्या?"

"मला काय इचारती? घड्याळ हाय का माझ्या हाताला? त्या बाभळीपशी!"

निशा मला फिरवत होती. पाणी, गवत, पाणी, पुन्हा गवत. बाभूळ सापडेना. सापडली ती नुसती एक फांदी, तीही कुठली ते कळेना.

"भाऊजी, यातून तर काहीच दिसत नाही."

"दिसतं की, वहिनी."

"एवढंसं दिसतं. तळहाताएवढं. बाकी सगळा अंधार आहे." तिनं डोळा काढला नाही. "हे असं बघायचे ते? मला वाटायचं, त्यांना सगळं तळं दिसत असेल."

विश्वजीत तिच्या उजव्या खांद्यामागं येऊन उभा राहिला, थोडं अंतर ठेवून. "त्याला काही दिसायचं नाही, वहिनी. तुम्ही एकदा शाळेच्या परीक्षेमुळं आला नव्हतात. आम्ही दोघंच आलो होतो. दिवसभरात राजूनं एक दगड टिपला, बगळा समजून."

निशा डोळा लावूनच बसली. कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला कुणी मध्येच हटकत नाही, ही एक सोय आहे. माझ्या मागं, कॅमेऱ्याला जिथं तिचा गाल टेकला होता, तिथं ओलं लागलं. ती ओल मला चालली. ती उघड्या वाऱ्यातली होती, लगेच सुकणारी.

थोड्या वेळानं विश्वजीत हळूच म्हणाला, "अकरा वाजता, वहिनी. पाण्याच्या कडेला. टिटवी."

निशानं मला थोडं डावीकडं वळवलं. मी पुढं पाहिलं. पिवळे पाय, लाल चोच, डोळ्यापुढची ती लाल कातडी. मधल्या काचेवरचा डाग होता, पण सूर्य पाठीशी होता आणि टिटवी स्वच्छ होती. निशानं श्वास धरला. मी वाट पाहिली. तिनं बटण दाबलं आणि त्याच वेळी टिटवी चालायला लागली.

विश्वजीतनं मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. "अर्धी बाहेर गेली, वहिनी. शेपूट कापली. उडवून टाका, दुसरी घेऊ."

"नाही," निशा म्हणाली. "राहू द्या."

"मला दाव," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी खूप वेळ पडद्याकडं पाहिलं. "चांगली हाय की. टिटवी कधी एका जागी थांबती का? दे आता त्यो डबा हिकडं."

हे झालं, त्याला आता वर्ष होत आलं. मी आता टेबलावर असते, खिडकीजवळ. निशाची बोटं सराईत व्हायला लागली आहेत, पण पक्षी तिला अजूनही नुसत्या डोळ्यांनीच आधी दिसतो. तो बघायला ती मान वर काढते आणि तोवर माझ्यासमोरचं निसटतं. विश्वजीत तिला आकडे सांगतो, ते बहुतेक चुकतात आणि त्यावरून दोघांची भांडणं होतात. डाग आहे तसाच आहे. उन्हाकडं तोंड केलं की चित्रावर धुकं येतं. निशा अधूनमधून मुद्दाम मला उन्हाकडं वळवते. तसे दोन-तीन फोटो तिनं ठेवलेत. का ठेवलेत, ते मी विचारत नाही.

वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. तुमच्याही घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू मऊ कापडात, गाठ मारून, कुलपात ठेवलेली असेल. घड्याळ असेल, बासरी असेल, शिवणयंत्र असेल, सायकल असेल. तुम्ही ती मायेनंच ठेवली आहे, हे तिलाही माहीत असतं. पण तिला जे करता येतं ते तिच्याकडून करून घ्या. नाही जमलं, तर ज्याला जमतं त्याच्या हाती द्या. आणि एखाद्यानं भलत्या वेळी हेच सांगितलं, तर त्याचा फार दिवस राग धरू नका.

बस, एवढंच. उद्या रविवार. मनकर्णाबाईंनी धपाट्यांसाठी लसूण सोलून ठेवला आहे आणि निशा माझी पिशवी दाराशी आणून ठेवते आहे. नाथसागरावर पट्टकादंब उतरलेत म्हणे. सकाळी लवकर निघायचं आहे. मला आता गप्प बसू द्या.